स्पॅनिश घरचा स्वयंपाक: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

मी माद्रिदमध्ये राहते आणि माझं सासर सामोरा प्रांतातल्या एका खेड्यातलं आहे. घरी काय शिजलं याचे फोटो टाकले की पुणे, नाशिक, मडगाव, न्यू जर्सी असं कुठून कुठून तेच ते प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. हॉटेलात ताटलीवर तीन थेंब रस्सा आणि एक कोळंबी मांडून देतात, तसलं काही इथे मिळणार नाही. एक मोठं भांडं, मोजके जिन्नस आणि पोटभर जेवणारी माणसं, एवढाच या पानाचा विषय. प्रश्नांना क्रमांक दिलेत, म्हणजे एका उत्तरातून दुसऱ्याकडे जाता येईल.

१. स्पॅनिश म्हणजे मेक्सिकनच ना? ताको, नाचोज वगैरे? खूप तिखट असतं का?

नाही आणि नाही. ताको, नाचोज, ग्वाकामोले हे सगळं अटलांटिकच्या पलीकडचं. गोंधळ बहुतेक तोर्तियामुळे होतो. मेक्सिकोत ती मक्याची किंवा गव्हाची पातळ पोळी असते, स्पेनमध्ये अंडी आणि बटाटे घातलेला जाडजूड गोल (प्रश्न ९).

मिरची, टोमॅटो, बटाटा अमेरिकेतून युरोपात आले ते स्पेनच्या वाटेनं. पण मिरचीतला रंग आणि स्वाद ठेवून तिखटपणा या लोकांनी जवळजवळ सोडूनच दिला. उत्तरेकडे डाळी-कडधान्यांबरोबर तोंडी लावायला गिंदिया नावाची लोणच्यातली मिरची घेतात, तेवढीच काय ती. माझ्या सासऱ्यांना मिरपूड दोन चिमट्यांवर गेली तरी ठसका लागतो. ‘तिखटाशिवाय जेवण कसं लागणार’ या शंकेचं उत्तर प्रश्न १९ मध्ये आहे.

२. तिथे लोक घरी रोज नेमकं काय जेवतात? तापास?

तापास हा बाहेरचा प्रकार, बारमध्ये उभ्याउभ्या मित्रांबरोबर खाण्याचा. घरचं मुख्य जेवण दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान असतं. आधी पहिली ताटली: कडधान्य, सूप, भाजी, भात किंवा पास्ता. मग दुसरी: मासा, मटणाचा प्रकार किंवा अंडं, सोबत थोडं सॅलड. शेवटी फळ किंवा दही. पाव कायम टेबलावर, ताटली पुसून घ्यायला. रात्री नऊ-साडेनऊला हलकं काहीतरी, म्हणजे सूप, आम्लेट, उकडलेली भाजी. मुलांना संध्याकाळी शाळेतून आल्यावर पाव-चॉकलेट नाही तर पाव-चीज.

आता शहरात नोकरी करणारी माणसं दुपारी घरी येत नाहीत. ती कोपऱ्यावरच्या साध्या खाणावळीत ‘मेनू देल दिआ’ घेतात: ठरलेल्या किमतीत दोन ताटल्या, पाव, पेय, शेवटी गोड किंवा कॉफी. १९६०च्या दशकात मानुएल फ्रागा पर्यटनमंत्री असताना परदेशी पाहुण्यांसाठी सरकारनं असा ठरावीक मेनू सक्तीचा केला. पुढे त्याचा खरा फायदा इथल्याच कामगारांनी आणि कारकुनांनी घेतला. स्पेनला आलात तर दुपारी तिथेच जेवा. घरच्या जेवणाच्या सगळ्यात जवळचं तेच.

३. आजवर काहीच स्पॅनिश केलेलं नाही. सुरुवात कशापासून करू?

लेंतेखासपासून, म्हणजे अख्ख्या मसुरापासून. कास्तियात खातात ती पार्दिना जातीची डाळ बारीक, तपकिरी असते आणि आपला सालासकटचा मसूर तिच्या अगदी जवळचा आहे. लाल मसूरडाळ नको, तिचं पिठलं होईल.

चार जणांना ३०० ग्रॅम मसूर, एक कांदा, एक गाजर, अर्धी ढोबळी मिरची, एक टोमॅटो, एक बटाटा, चार लसूण पाकळ्या, एक तमालपत्र. बटाटा आणि दोन पाकळ्या बाजूला ठेवून बाकी सगळं मोठे तुकडे करून मसुराबरोबर गार पाण्यात घाला, पाणी चार बोटं वर राहील इतकं. मंद आचेवर पाऊण तास. अर्ध्या वेळानंतर बटाटा (तो चिरायचा कसा ते प्रश्न १५ मध्ये). मीठ शेवटी.

मग वरून फोडणी. हो, फोडणीच. छोट्या कढईत चार चमचे ऑलिव्ह तेल, त्यात उरलेला लसूण ठेचून गुलाबी करायचा, गॅस बंद करायचा, एक चमचा पिमेंतोन (स्पॅनिश लाल मिरचीची पूड, प्रश्न ४) घालून ढवळायचं आणि लगेच भांड्यात ओतायचं. वाढताना अर्धा चमचा व्हिनेगर. मोहरी, जिरं, हिंग यांतलं काही नाही. एकदा तरी तसंच करून बघा, मग तुमचं तुम्ही ठरवा.

‘लेंतेखास, हवं तर खा, नाही तर राहू दे’ अशी एक यमक जुळवलेली म्हण इथल्या प्रत्येक पोरानं नाक मुरडताना ऐकलेली असते. अर्थ एवढाच की दुसरं काही मिळणार नाही.

४. पिमेंतोन इथे मिळत नाही. बेडगी चालेल का?

रंगाला चालेल, वासाला नाही. एस्त्रेमादुरामधल्या ला वेरा भागात मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर साधारण दोन आठवडे वाळवतात आणि मग दळतात. तो धुराचा वास म्हणजेच निम्मा स्पॅनिश स्वयंपाक. मुर्सियाचा पिमेंतोन उन्हात वाळवलेला असतो, त्याला धूर नसतो. बेडगी त्या दुसऱ्या प्रकाराला जवळची.

मोठ्या शहरांत आणि ऑनलाइन ‘स्मोक्ड पॅप्रिका’ मिळते. डबी लहान घ्या, कारण उघडल्यावर तिचा वास लवकर उडतो. नाहीच मिळाली तर बिया काढलेली बेडगी दळा आणि पदार्थ तयार झाल्यावर वाटीत निखारा ठेवून त्यावर ऑलिव्ह तेलाचे दोन थेंब टाकून धुंगार द्या. झाकण मिनिटभरच. जास्त ठेवलंत तर फक्त धूरच लागेल.

दुकानात तीन प्रकार दिसतील: गोड, आंबटगोड आणि तिखट. एकच घ्यायचा तर गोड. आणि कुठलाही घेतलात तरी तापलेल्या तेलात जळू देऊ नका. तो काही सेकंदांत कडू होतो आणि मग तो कडूपणा कशानंच जात नाही.

५. ऑलिव्ह तेल परवडत नाही. शेंगदाण्याचं चालेल? आणि ऑलिव्ह तेलात तळायचं नसतं म्हणतात, ते खरं का?

तळायचं नसतं हे स्पेनमध्ये कुणाला सांगितलंत तर हसतील. जगात सगळ्यात जास्त ऑलिव्ह तेल इथेच निघतं. एकट्या खाएन प्रांतात टेकड्यांमागून टेकड्या ऑलिव्हच्याच आहेत. अंडी, बटाटे, मासे सगळं त्यातच तळतात. तळून झालं की तेल गाळून जाळीच्या डब्यात ठेवतात आणि पुन्हा वापरतात.

पण भारतातला भाव वेगळा, हे मान्य. माझा सल्ला असा: तळणीला शेंगदाण्याचं रिफाइंड किंवा ऑलिव्हचं पोमेस तेल वापरा. पोमेस म्हणजे चोथ्यातून काढलेलं, इथेही तळायला वापरतात. चांगलं एक्स्ट्रा व्हर्जिन तेल जिथे कच्चं किंवा जवळजवळ कच्चं लागतं तिथेच घाला: गास्पाचो (टोमॅटोचं गार सूप, प्रश्न १८), पाव-टोमॅटो, सूपवर वरून. घाण्याचं शेंगदाणा तेल मात्र टाळा, त्याचा वास सगळ्यावर मात करतो.

६. सोफ्रितो म्हणजे आपला कांदा-टोमॅटोचा मसालाच ना?

जिन्नस तेच, चाल वेगळी. आपण मोठ्या आचेवर कांदा तांबूस करतो. इथे तो बारीक चिरून, भरपूर तेलात, मिठाची चिमूट घालून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं मऊ करतात. तो वितळल्यासारखा व्हायला हवा, कडा जळायला नकोत. मग लसूण, मग किसलेला टोमॅटो (अर्धा कापून किसणीवर घासायचा, साल हातात राहते). टोमॅटोचं पाणी आटून तेल सुटेपर्यंत पुन्हा तेवढाच वेळ. घाईत करायचा असेल तर करूच नका, त्या दिवशी अंडी तळा.

एकदम किलोभर कांद्याचा करून ठेवला तर फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतो.

७. हे सगळं प्रेशर कुकरमध्ये केलं तर चव बिघडेल का?

बिघडणार नाही. स्पेनमधल्या घरोघरी कुकर आहे, त्याला ‘ओया एक्सप्रेस’ म्हणतात. सारागोसाच्या होसे आलिक्स मार्तिनेस यांनी १९१९ मध्ये याच नावानं पेटंट घेतलं होतं. इथे मात्र शिट्ट्या मोजत नाहीत, मिनिटं मोजतात. ‘तीन शिट्ट्या’ हे माप सासूबाईंना समजावताना माझी दमछाक झाली.

भिजवलेले काबुली चणे: एक शिट्टी झाल्यावर मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं. अख्खा मसूर: आठ-दहा मिनिटं. वाफ आपोआप जाऊ द्या.

चणे घालताना पाणी गरम हवं, बाकी सगळ्या कडधान्यांना गार. हा नियम इथे आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना पाठ असतो. चण्याच्या भांड्यात मध्येच गार पाणी ओतलं तर ते दडस राहतात, म्हणून शेजारी उकळतं पाणी तयार ठेवा. पाणी जड असेल तर भिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा.

कुकरमध्ये करू नये असा एकच पदार्थ मी सांगेन, तो म्हणजे फाबादा. अस्तुरियासमध्ये मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांचा करतात. दाणे अख्खे आणि लोण्यासारखे मऊ राहायला हवेत, म्हणून चमचा घालत नाहीत, भांडं दोन्ही कानांना धरून हलवतात. उकळी फार वाढली की गार पाण्याचा हबका मारतात. याला ‘घाबरवणं’ म्हणतात आणि दोन-तीनदा घाबरवायचं असतं. भारतात पांढरा राजमा घेऊन करता येतो. पण राजमा रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात पहिली दहा मिनिटं खळखळून उकळा, मगच आच मंद करा. अर्धकच्च्या राजम्यानं पोट चांगलंच बिघडतं.

८. कोसिदो करायचा आहे. एवढे सगळे जिन्नस एकाच भांड्यात? आणि वाढायचं कसं?

एकाच भांड्यात, आणि वाढायचं तीनदा. माद्रिदचा कोसिदो म्हणजे काबुली चणे, गोमांसाचा नळीकडचा भाग, म्हातारी कोंबडी, डुकराची चरबी, हॅमचं हाड, चोरिसो (पिमेंतोन घातलेलं डुकराचं सॉसेज), मोर्सिया (रक्ताचं सॉसेज), गाजर, बटाटा आणि वेगळ्या भांड्यात उकडलेला कोबी. मांस-हाडं गार पाण्यात चढवायची, उकळी आली की फेस काढायचा, मग गरम पाण्यात जाळीच्या पिशवीत बांधलेले चणे सोडायचे. तीन तास मंद आच. बटाटा शेवटच्या अर्ध्या तासात. चोरिसो आणि मोर्सिया वेगळ्या पातेल्यात, नाही तर सगळं पाणी लालभडक होतं.

पहिल्या वाढीला गाळलेलं पाणी, त्यात केसासारख्या बारीक शेवया शिजवून. दुसऱ्या वाढीला चणे आणि भाज्या, कोबीवर लसणाची फोडणी. तिसऱ्याला मांस. लेओनमध्ये आस्तोर्गाच्या बाजूला हाच क्रम उलटा असतो: आधी मांस, मग चणे, शेवटी सूप. का, यावर प्रत्येक खाणावळवाला वेगळी गोष्ट सांगतो.

महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात करायचा तर गावठी कोंबडी घ्या. मूळच्या पाककृतीत म्हातारी कोंबडीच असते, त्यामुळे ही तडजोडसुद्धा नाही. मटणाच्या नळ्या घातल्या तर वास बदलतो, पण वाईट लागत नाही. ब्रॉयलर तीन तासांत विरघळून जातो.

उरणारच, आणि उरावं म्हणूनच एवढं करतात. चणे आणि मांसाचे धागे दुसऱ्या दिवशी कांद्याबरोबर तव्यावर कुरकुरीत परततात, त्याला ‘रोपा व्हिएखा’ म्हणजे जुने कपडे म्हणतात. उरलेल्या कोंबडीचे क्रोकेतास होतात: लोणी, मैदा आणि दूध घोटून घट्ट पांढरा सॉस, त्यात बारीक केलेलं मांस, रात्रभर फ्रिजमध्ये, सकाळी लांबट वळून अंडं आणि पावाच्या चुऱ्यात घोळवून तळायचे. मिश्रण गार न करता वळायला गेलात तर हाताला चिकटेल आणि तळताना फुटेल.

९. तोर्तियात कांदा घालायचा की नाही?

या प्रश्नावर इथे घरं फुटत नाहीत एवढंच. आमच्याकडे घालतात. गालिसियातल्या बेतान्सोसची प्रसिद्ध तोर्तिया बिनकांद्याची आणि आतून वाहती असते. चव दोन्हींना आहे, पण कांदा घातला तर गोडसर ओलावा येतो आणि दुसऱ्या दिवशीही ती कोरडी होत नाही. डब्याला न्यायची असेल तर कांदा घालाच.

पाऊण किलो बटाटे, एक मोठा कांदा, सहा अंडी (भारतातली लहान असतात, सात घ्या), मीठ, आणि बटाटे बुडतील इतकं तेल. बटाट्याच्या पातळ, वेड्यावाकड्या चकत्या करा. मंद आचेवर कांद्यासकट तेलात शिजवा. तळायचे नाहीत, रंग आला तर आच जास्त आहे. वीस मिनिटांत सुरीनं दाबले की मोडले पाहिजेत. तेल निथळून घ्या (ते पुन्हा वापरायचं आहे, प्रश्न ५). अंडी फेसून त्यात गरम बटाटे घाला आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. ही विश्रांती लोक गाळतात आणि मग म्हणतात बटाटा वेगळा, अंडं वेगळं लागतं.

२४ सेंमीच्या न चिकटणाऱ्या पॅनमध्ये दोन चमचे तेल चांगलं तापवा, मिश्रण ओता, लगेच आच कमी करा. चार-पाच मिनिटांनी कडा सुटल्या की उलटा. वाहती तोर्तिया स्पेनमध्ये आवडीनं खातात, पण तुमची अंडी किती दिवस बाहेर होती याची खात्री नसेल तर आतपर्यंत शिजवा.

१०. उलटताना दर वेळी तुटते. युक्ती?

पॅनपेक्षा मोठी सपाट ताटली घ्या, काठ असलेली नको. ती ओली करा, म्हणजे तोर्तिया सहज घसरते. पॅन हलवून सुटल्याची खात्री करा, ताटली दाबून धरा, सिंकवर जा आणि एका झटक्यात फिरवा. दबकत दबकत केलं की सांडतं. परत पॅनमध्ये सरकवून कडा कालथ्यानं आत दुमडा. तरीही तुटली तर तुकडे पावात भरा. तोर्तियाचा पाव हा इथे शाळेच्या सहलीचा ठरलेला डबा आहे.

११. आम्ही अंडी खात नाही. मग तोर्तिया विसरायची का?

बेसन घ्या. स्पेनमधले अंडी न खाणारेही चण्याच्या पिठाचीच करतात. वाटीभर बेसन, वाटीपेक्षा किंचित जास्त पाणी, मीठ, चिमूट हळद रंगापुरती. बटाटे-कांदा प्रश्न ९ प्रमाणे. झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भरपूर वेळ द्या, बेसन कच्चं राहिलं की लगेच कळतं.

यादवी युद्धानंतरच्या उपासमारीत इथे अंडी आणि बटाटा दोन्ही नसलेली तोर्तिया होत असे. बटाट्याच्या जागी संत्र्याच्या सालीचा आतला पांढरा भाग आणि अंड्याच्या जागी पीठ-पाणी. तेव्हा तुमची बेसनाची फारच श्रीमंत आहे.

मासे खात असाल तर आणखी एक: कादिसमध्ये चण्याचं आणि गव्हाचं पीठ पातळ भिजवून त्यात कांद्याची पात, पार्सली आणि जिवंत असतानाच घेतलेली बारीक कोळंबी घालून जाळीदार, कुरकुरीत तोर्तितास तळतात. ओल्या जवळ्याची ही इतकी छान होतात की कोकणातल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. पीठ भज्यापेक्षा पातळ ठेवा.

१२. पाएयात चोरिसो घालू का? आणि मटार, कोलंबी, चिकन, सगळं एकत्र?

पाएया म्हणजे रुंद पॅनमध्ये केलेला व्हॅलेन्सियाचा भात. तुमचं घर, तुमचा पॅन. पण व्हॅलेन्सियाच्या माणसाला दाखवू नका. तो त्याला ‘काहीबाही घातलेला भात’ म्हणेल आणि तोंड फिरवेल. तिथल्या पाएयात चिकन, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, गारोफो नावाचे मोठे पांढरे पावटे, टोमॅटो, पिमेंतोन, केशर, ऑलिव्ह तेल, पाणी, मीठ. हंगामाप्रमाणे गोगलगायी, रोझमेरीची काडी. कांदा नाही. २०२१ मध्ये व्हॅलेन्सियाच्या सरकारनं या पाएयाला सांस्कृतिक वारशाचा दर्जाही दिला. माशांची पाएया वेगळी असते आणि तीही चांगली. दोन्ही एकत्र करणं पर्यटकांसाठी.

ती रोजची गोष्ट नाही. रविवारी बाहेर अंगणात, जमलं तर संत्र्याच्या लाकडावर, बहुतेकदा घरातला पुरुष करतो आणि सगळ्यांकडून कौतुक वसूल करतो. आधीची चिराचिरी कोणी केली ते विचारू नये.

कृतीतली एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तांदूळ घातल्यावर ढवळायचं नाही. तांदळाचा थर जेमतेम बोटभर असावा, म्हणून पॅन रुंद हवा. चार जणांना ४०० ग्रॅम तांदूळ आणि ४० सेंमीचा पॅन. पहिली दहा मिनिटं मोठी आच, मग मंद, एकूण अठरा-वीस मिनिटं. शेवटी मिनिटभर आच वाढवली की तळाशी खरपूस थर धरतो. त्याला सोकारात म्हणतात आणि त्यावरून भांडणं होतात.

१३. बोम्बा तांदूळ मिळाला नाही. आंबेमोहर, इंद्रायणी, बासमती यांतलं काय घेऊ?

पाएयासाठी तिन्ही नको. बोम्बा आखूड, जाडसर असतो, आकाराच्या जवळजवळ तिप्पट रस पितो आणि तरी मोकळा राहतो. इंद्रायणी आणि आंबेमोहर चिकट होतात, शिवाय आंबेमोहराचा वास केशराला दाबतो. बासमती रस शोषण्याऐवजी त्यात न्हातो. मी भारतात आले की जुना कोलम घेते, न धुता, सव्वादोन पट पाणी. तंतोतंत नाही, पण नीट बसतो.

इंद्रायणी मात्र ‘आरोस काल्दोसो’ला, म्हणजे चिकनच्या रसरशीत भाताला, उत्तम. सोफ्रितोवर चिकन परता, चौपट पाणी, तांदूळ, केशर, आणि खोल वाडग्यात चमच्यानं लगेच खा. थांबलात तर खिचडी होते.

१४. स्पॅनिश चोरिसोऐवजी गोव्याचा चोरीस घातला तर?

घाला, पण दोन्ही एक नाहीत हे धरून. गोव्याचा पोर्तुगीजांच्या शोरिसोवरून आला आणि तिथे व्हिनेगर, काश्मिरी मिरची, आलं-लसूण, गरम मसाल्यात मुरून आंबट-तिखट झाला. स्पॅनिश चोरिसोत डुकराचं मांस, पिमेंतोन, लसूण, मीठ, एवढंच. मसूर किंवा बटाट्याच्या रश्श्यात गोव्याचा घालायचा तर प्रमाण निम्मं करा, वेगळा उकळून पहिलं पाणी टाका आणि प्रश्न ३ मधलं व्हिनेगर गाळा. जे होईल ते स्पॅनिश नसेल, पण पावाबरोबर संपेल.

१५. ‘बटाटा चिरू नका, मोडा’ असं लिहिता. म्हणजे काय करायचं?

सुरी बटाट्यात अर्धी घालायची आणि मनगट वळवून तुकडा उपटून काढायचा. ‘काड्’ असा आवाज यायला हवा. तुटलेल्या खडबडीत बाजूतून पिष्ट जास्त सुटतं आणि रस्सा आपोआप दाट होतो, वेगळं पीठ लावावं लागत नाही.

याच पद्धतीनं ला रिओखात बटाटा-चोरिसो करतात आणि बास्क मच्छीमार बोटीवर बटाटा-ट्यूनाचं मार्मिताको. कुपा किंवा सुरमई घेऊन करा. मासा अगदी शेवटी घालून गॅस बंद करायचा, उरलेल्या उष्णतेत तो शिजतो. मांस-मासा काहीच नसेल तेव्हा सोफ्रितो, तमालपत्र आणि पिमेंतोनवर नुसते बटाटे शिजवतात. त्यांना ‘विधवा बटाटे’ म्हणतात. नाव कसंही असो, पावसाळ्यात रात्री गरमागरम फार बरे वाटतात.

१६. आम्ही पूर्ण शाकाहारी. आमच्यासाठी काय उरतं?

बरंच. प्रश्न ३ चा मसूर. विधवा बटाटे. ला मांचाचं पिस्तो: वांगं नको वाटलं तरी चालेल, कांदा, ढोबळी, झुकिनी, टोमॅटो वेगवेगळे परतून एकत्र तासभर मुरवलेले. सेव्हियाचा पालक-चणे: तेलात तळलेला पाव आणि लसूण जिऱ्याबरोबर खलबत्त्यात कुटायचा, व्हिनेगरचा शिडकावा, शिजलेले चणे आणि पालक त्यात घोळवायचे. मराठी घरात मी केलेल्या पदार्थांत हाच सगळ्यात आधी संपतो, बहुधा जिऱ्यामुळे. उन्हाळ्यासाठी प्रश्न १८ पाहा.

स्पेनमध्ये फिरताना मात्र जपा. ‘मांस नको’ म्हटलं तरी भाजीत हॅमचे तुकडे येतात, कारण ते मांसात धरतच नाहीत. मसुराचं पाणीही बहुधा हाडाचं असतं. म्हणायचं: ‘नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन.’ मांस नाही, मासे नाहीत, हॅमही नाही. तिसरा शब्द विसरू नका.

१७. सोबत कुठला पाव घ्यायचा?

लादीपाव मऊ आणि किंचित गोड, म्हणून जमत नाही. मुंबईत इराणी बेकरीचा ब्रून, गोव्यात पोदेराकडचा कडक उंडो. तेही नसेल तर पोळीबरोबर खा, स्पॅनिश पोलीस येणार नाहीत.

शिळा पाव टाकू नका. कास्तियाचं लसूण-सूप त्याचंच: भरपूर तेलात सहा-सात पाकळ्या लसूण, शिळ्या पावाचे काप, पिमेंतोन, पाणी, पंधरा मिनिटं उकळी, वरून माणशी एक अंडं फोडून सोडायचं. मेंढपाळांचे मीगासही शिळ्या पावाचेच. चुरा आदल्या रात्री पाण्याचा हात लावून झाकून ठेवायचा, सकाळी लसूण-तेलावर अर्धा तास सतत हलवत परतायचा, सोबत द्राक्षं. आपला फोडणीचा पाव ओळखणाऱ्यांचा हात त्याकडे आपोआप जातो.

१८. गास्पाचो केलं, आंबट आणि पाणचट झालं. काय चुकलं?

टोमॅटो. पिकून मऊ झालेले, लाल, मांसल घ्या. आंबट असतील तर व्हिनेगर घालूच नका. तेल मिक्सर चालू असताना धारेनं सोडा, म्हणजे ते एकजीव होतं आणि रंग केशरी येतो. गाळून किमान दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. बर्फ घालू नका.

पाणचटपणाचा कंटाळा आला असेल तर कोर्दोबाचं साल्मोरेखो करा: एक किलो टोमॅटो, २०० ग्रॅम शिळा पाव, एक लसूण पाकळी, दीडशे मिली चांगलं तेल, मीठ. काकडी नाही, पाणी नाही. चमच्यावर उभं राहील इतकं दाट. वर उकडलेल्या अंड्याचा चुरा. टोमॅटो अमेरिकेहून येण्याआधीपासूनची चाल हवी असेल तर आखोब्लांको: सोललेले बदाम, पाव, लसूण, तेल, व्हिनेगर, गार पाणी. वर द्राक्षं घालतात, त्यामुळे नाशिकची द्राक्षं बाजारात असतील तेव्हाच करा.

१९. सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं, तरी फिकं लागतं. थोडा गरम मसाला घालू?

आधी मीठ बघा. मग तेल, आपण ‘हेल्दी’ म्हणून निम्मं करतो आणि चव तिथेच जाते. मग सोफ्रितोला खरंच पाऊण तास दिला होता का ते आठवा (प्रश्न ६). आणि पदार्थ रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी चाखा, कडधान्याचे सगळे रस्से मुरल्यावर वेगळे लागतात.

गरम मसाला घातला तर छान मसुराची आमटी होईल. ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली येते. तिखट हवंच असेल तर भांड्यात न घालता हिरवी मिरची ताटात घ्या. मीही तेच करते आणि कुणी काही बोलत नाही.

२०. पाककृतीत पांढरी वाइन आहे. आमच्या घरात चालत नाही.

गाळा आणि तेवढंच पाणी किंवा सूप घाला, अखेरीस व्हिनेगरचे किंवा लिंबाचे दोन-चार थेंब. घरगुती पदार्थांत वाइन नसल्यामुळे काही अडत नाही.

२१. मुलं यातलं काय खातील?

आरोस आ ला कुबाना. पांढरा भात, वर टोमॅटोचा गोडसर सॉस, तळलेलं अंडं आणि तळलेलं केळं. ऐकायला विचित्र, पण इथली पोरं यावरच वाढतात. दुसरं म्हणजे कोंबडीच्या पाण्यातल्या बारीक शेवया. गोडाला दालचिनी आणि लिंबाच्या सालीत तासभर आटवलेली तांदळाची खीर. वेलची नको, साल पिवळीच घ्या, पांढरा भाग कडू लागतो.

२२. रविवारी आठ माणसं जेवायला आहेत, त्यांत तीन शाकाहारी. काय बेत करू?

पाएया करू नका. आठ जणांच्या पाएयाला लागणारा पॅन तुमच्या गॅसवर मावत नाही, मध्ये करपतं आणि कडेला कच्चं राहतं.

शनिवारी रात्री अर्धा किलो काबुली चणे भिजवा आणि साल्मोरेखो करून फ्रिजमध्ये ठेवा. रविवारी सकाळी चणे कुकरला लावून सगळ्यांसाठी पालक-चणे करा. सेव्हियात हीच चांगली पहिली ताटली समजतात. खाणाऱ्यांसाठी एका भांड्यात गावठी कोंबडी, मोडलेले बटाटे आणि सोफ्रितो मंद आचेवर दीड-दोन तास. दोन तोर्तिया, एक अंड्याची आणि एक बेसनाची, आदल्या तासाला करून कोमट ठेवा, त्या गरमच हव्यात असं नाही. मधोमध ब्रूनची टोपली, तेलाची बाटली, मीठ. गोडाला फळं कापून ठेवा, नाही तर खीर. जेवायला अडीचला बसवा आणि साडेचारपर्यंत भांडी उचलू नका, गप्पांना तेवढा वेळ लागतो. चणे उरले तर सोमवारी काय करायचं ते प्रश्न ८ मध्ये आहे.